आपल्या कारखान्यात येणारी काजू बी आणि मोझांबिकची न हटणारी गरिबी

काजूबी | रविवार, रात्री 10:35

मंडळी नमस्कार. लिहायचं लिहायचं म्हणत बरेच महिने गेले, आज बसलोच.

सिंधुदुर्गात आमचा काजूचा कारखाना आहे, छोटाच, साठेक बायका कामाला. आपली गावठी बी फेब्रुवारीत सुरू होते नि मे अखेर संपते, पुढे कारखाना चालवायचा तर बाहेरची बी घ्यावीच लागते. आयव्हरी कोस्ट, बेनिन, गिनी बिसाव इकडचा हंगाम साधारण आपल्याबरोबरच असतो, पण टांझानिया नि मोझांबिक विषुववृत्ताच्या खाली, तिथे बी पडते ऑक्टोबर ते जानेवारी, म्हणजे आपलं गोडाऊन रिकामं होत आलेलं असतं तेव्हाच. त्यामुळे वेंगुर्ले, कुडाळ, गोव्याकडचे कित्येक कारखाने वर्षाचे काही महिने आफ्रिकेच्या बीवर चालतात हे आमच्या धंद्यात पोरासोरांना पण माहीत आहे.

2019 च्या नोव्हेंबरात मी माल बघायला मोझांबिकला गेलो होतो, उत्तरेला नांपुला प्रांतात, एका व्यापाऱ्याच्या ओळखीने. समुद्राजवळच्या एका गावात बंद पडलेला काजूचा कारखाना आहे, त्याच्याच आवारात व्यापाऱ्याने गोणी लावून ठेवल्या होत्या. पत्रे गंजलेले, आत एक भलंमोठं मशीन तसंच उभं, त्याच्या पट्ट्यातून गवत वर आलेलं. आम्ही कटिंग टेस्ट करत होतो. म्हणजे गोणीगोणीतून मूठमूठ काढून एक किलो बी घ्यायची, नग मोजायचे, प्रत्येक बी कापून बघायची, चांगला गर, डागी, पोचट वेगवेगळं करायचं आणि त्यावरून 80 किलोच्या गोणीत किती पौंड गर निघेल तो आऊटटर्न काढायचा. तिथे झाडलोट करणारी एक साठीची बाई होती, ती आली, खाली बसली नि मी काही म्हणायच्या आत गर निवडायला लागली. अख्खा एकीकडे, पाकळी एकीकडे, तुकडा तिसरीकडे. बघत पण नव्हती हो नीट, नुसती बोटं चालत होती, आमच्या ग्रेडिंगच्या बायका करतात अगदी तश्शी. ड्रायव्हरला थोडं इंग्रजी येत होतं, त्याच्याकडून कळलं की ती ह्याच कारखान्यात कामाला होती. तिने मला विचारलं तुझ्याकडे किती बायका आहेत. साठ म्हटलं. ती म्हणाली इथे आम्ही हजारावर होतो.

तेव्हापासून डोक्यातून जात नाही. ती बी माझ्या कंटेनरमध्ये भरली गेली आणि माझ्या बायकांना डिसेंबर ते फेब्रुवारी काम मिळालं. परत आल्यावर मिळेल तिथून ह्या विषयावर वाचत गेलो.

थोडक्यात सांगतो. 1970 च्या सुरुवातीला मोझांबिक जगातला मोठ्यात मोठा काजू पिकवणारा देश होता, वर्षाला 2 लाख टनांच्या वर बी. 1975 मध्ये पोर्तुगीज गेले, मालक-तंत्रज्ञ पळाले, कारखाने सरकारकडे आले, आणि 1977 ते 1992 नुसतं यादवी युद्ध. सोळा वर्षांत नवं झाड कोण लावणार, शेतात सुरुंग पेरलेले (देश सुरुंगमुक्त जाहीर झाला तो 2015 ला!). युद्ध संपल्यावर कारखाने खासगी लोकांना विकले, त्यांनी पैसा घातला, आणि नेमकं त्याच वेळी 1995 मध्ये जागतिक बँकेने कर्जाला अट घातली की कच्च्या बीच्या निर्यातीवरचा कर कमी करत न्या. कर उतरला, बी जहाजात चढली आणि भारतात आली. मोठे कारखाने धडाधड बंद पडले. दहा हजारांच्या आसपास कामगार होते, 2001 पर्यंत त्यातले बहुतेक घरी बसले, त्यात बायका खूप.

आणि गंमत नाही, दुःखाची गोष्ट सांगतो, ह्याच काळात मोझांबिकची अर्थव्यवस्था वर्षाला 7-8 टक्क्यांनी वाढत होती! जगभर कौतुक चाललं होतं. मला हेच समजून घ्यायचं आहे की एवढी वाढ होऊन त्या बाईच्या हाताला काम का नाही. इथे अर्थशास्त्रातली जाणकार मंडळी आहेत, सांगा प्लीज.

---

अर्थसाधना | रविवार, रात्री 11:50

फार चांगला धागा. कॉलेजात शिकवते म्हणून थोडं सविस्तर लिहिते, कारण ह्या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती सांगितली नाही तर अन्याय होईल.

बँकेचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नव्हतं. कामगार दहा हजार, पण काजूची झाडं असलेली कुटुंबं दहा लाखांच्या घरात, आणि ती कामगारांपेक्षा गरीब. निर्यातीवर कर लावला की देशातल्या देशात बीचा भाव पडतो, म्हणजे कारखाना जगवायचा खर्च सगळ्यात गरीब शेतकऱ्याच्या खिशातून जातो. आपल्याकडे कांद्याची निर्यात अडवली की नाशिककर चिडतात ना, तेच. शिवाय ते मोठे कारखाने अवाढव्य मशीनवर चालायचे, काही मशीन तर बी वेगाने लोखंडी पत्र्यावर आपटून फोडायची, त्यात गर तुटायचा आणि तुकड्याला भाव नसतो.

पण मग कर काढल्यावर शेतकऱ्याला मिळालं किती? मार्गारेट मॅकमिलन, दानी रॉड्रिक आणि कॅरन वेल्च ह्यांचा 2002 चा ह्याच विषयावरचा अभ्यास आहे. त्यांचा हिशोब असा की काजूवाल्या सरासरी कुटुंबाला फायदा झाला वर्षाला फार तर 5.30 डॉलर. वर्षाला!! कारण मधले व्यापारी मोजके, रस्ते नाहीत, शेतकऱ्याला दुसरीकडे विकायची सोय नाही, मग वाढलेला भाव मधेच मुरतो. दुसरं म्हणजे झाडं सगळी म्हातारी, त्यावर भुरी रोग, भाव वाढला म्हणून उत्पन्न वाढायचा प्रश्नच नव्हता. आणि इकडे खरेदीदार जवळजवळ एकटा भारत, त्यामुळे घासाघीस करायची ताकद पण गेली.

तर शेतकऱ्याला पाच डॉलर आणि कामगाराची नोकरी साफ. मी वर्गात हे उदाहरण दरवर्षी घेते, पोरं गप्प होतात.

आता वाढ आणि गरिबी. सरकारी सर्व्हेप्रमाणे 1996-97 मध्ये 69.4 टक्के लोक गरीब होते, 2002-03 ला 54.1. ही घट खरीच मोठी, पण ती बरीचशी युद्ध थांबल्याची कमाई, लोक गावी परत आले, पुन्हा पेरायला लागले. पुढची सहा वर्षं वाढ तितकीच जोरात आणि गरिबी जवळजवळ जागच्या जागी. 2014-15 ला 46.1 पर्यंत आली आणि नंतर परत साठीच्या वर गेली.

---

टेटे_रिटर्न | सोमवार, सकाळी 7:15

मी 2012 ते 2016 टेटे प्रांतात होतो, मोआटिझेच्या कोळशाच्या पट्ट्यात, मेकॅनिकल मेंटेनन्स. वाढ कुठून आली ते डोळ्यांनी बघितलंय म्हणून लिहितो.

टेटे गावात तेव्हा घरभाडं मुंबईसारखं झालं होतं, खोटं नाही सांगत. गोरे, ब्राझीलवाले, आपण भारतीय, सगळ्यांच्या कंपनीने दिलेल्या गाड्या. कोळसा खाणीतून निघतो, रेल्वेत पडतो, बैरा नाहीतर नाकाला बंदरात जातो, जहाजात जातो. ह्या सगळ्यात माणूस किती लागतो? एक डंपर दोनशे टन उचलतो आणि चालवायला एक जण. स्थानिक पोरं रोज सकाळी गेटवर यायची, कागदाच्या फायली घेऊन, कित्येक जण बारावी झालेले. आम्हाला सुपरवायझर म्हणून किती जणांना घेता येणार, वर्षाला पाचदहा.

खाणीसाठी ज्यांची गावं उठवली त्यांना लांब नेऊन वसवलं, तिथली जमीन खडकाळ, पाणी लांब, 2012 ला त्यांनी रेल्वे अडवली होती. आम्ही कामावर अडकून पडलो होतो तेव्हा मला राग आला होता त्यांचा. आता नाही येत.

मापुतोजवळचा मोझाल म्हणून ॲल्युमिनियमचा कारखाना तसाच. 2000 साली सुरू झाला, दोन अब्ज डॉलर्सच्या आसपास गुंतवणूक, देशाच्या निर्यातीतला केवढा तरी मोठा हिस्सा त्याचा एकट्याचा होता, आणि थेट कामगार हजार-बाराशे. काजूबीदादा, तुमच्या त्या बाईच्या एका कारखान्यात जेवढे लोक होते तेवढेच! जीडीपी मात्र ह्याने उड्या मारायचा. टक्केवारी खाणीतून नि भट्टीतून यायची आणि माणसं शेतात बसलेली, चारातली तीन तरी.

---

शुभदा_कुडाळ | सोमवार, दुपारी 1:20

माझ्या आईने 22 वर्षं काजूच्या कारखान्यात काम केलं. सुरुवातीला फोडायला, मग डोळे चांगले होते म्हणून ग्रेडिंगला. फोडताना टरफलातला चिक हाताला लागतो, राख नाहीतर तेल चोळून बसायच्या तरी बोटांची कातडी निघायचीच. आम्ही जेवायला बसलो की ती चमच्याने खायची, आंबट लागलं की बोटं चुरचुरतात म्हणून. लहानपणी मला वाटायचं मोठ्या बायका चमच्यानेच जेवतात.

पण त्या मजुरीवर माझं डीएड झालं. घरात नवऱ्याच्या नाही, तिच्या हातातला पैसा. दर शनिवारी पगार, त्यातले थोडे ती तांदळाच्या डब्यात ठेवायची आणि ते फक्त शाळेचे. म्हणून नांपुल्याच्या त्या बाईबद्दल वाचलं तेव्हा मला पहिला विचार हाच आला की तिच्या पोरीचं काय झालं असेल. कारखाना बंद झाला तेव्हा ती चाळिशीची असणार, पोरगी शाळेत असणार. जीडीपीचं मला फार कळत नाही पण बाईच्या हातात आठवड्याचा पगार येणं आणि सरकारच्या तिजोरीत कोळशाचा कर येणं ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे हे कळतं.

काजूबीदादा, तुमच्याकडे हातमोजे देता का हो बायकांना?

---

काजूबी | सोमवार, रात्री 9:05

शुभदाताई, देतो. पण खरं सांगायचं तर किलोवर मजुरी असल्यामुळे मोजे घातले की हात मंद होतो म्हणून अर्ध्या बायका काढून ठेवतात. ह्या वर्षी बी फोडायच्या मशीनवर गेल्यामुळे चिकाचा त्रास बराच कमी झालाय, सोलणं अजून हातानेच.

टेटे_रिटर्न, तुमचा हिशोब वाचून बराच वेळ तसाच बसलो.

---

लातूरची_तूर | सोमवार, रात्री 10:30

काजूचं चाललंय तर तुरीचं पण बोलू द्या, कारण मोझांबिक म्हटलं की आमच्या पोटात गोळा येतोय.

2015 ला तूरडाळ दोनशे रुपये किलो झाली, सगळीकडं बोंबाबोंब. सरकारनं जुलै 2016 ला मोझांबिकशी करार केला, पंतप्रधान स्वतः मापुतोला गेले होते. पहिल्या वर्षी 1 लाख टन, वाढवत वाढवत 2 लाख टनांपर्यंत तूर आम्ही घेऊ म्हणून. आणि त्याच वर्षी पाऊस चांगला झाला, भाव बघून आमच्या मराठवाड्यात सगळ्यांनी तूरच लावली, देशात विक्रमी पीक. हमीभाव क्विंटलला 5050, आणि बाजारात साडेतीन-चार हजारानं विकली आम्ही, ती पण खरेदी केंद्रावर बारदाना नाही म्हणून ट्रॅक्टरमध्ये आठ आठ दिवस रात्र काढून. मी स्वतः अकरा रात्री काढल्यात. मग ऑगस्ट 2017 ला सरकारनं आयातीवर मर्यादा घातली.

त्या टायमाला मला बरं वाटलं होतं. पण नंतर वाचण्यात आलं की तिकडं नांपुला आणि झांबेझिया प्रांतात भारत घेणार म्हणून लोकांनी हौसेनं तूर लावली होती आणि भारतानं दार लावल्यावर त्यांचा भाव पण धाडकन खाली. करारातला कोटा राहिला पण तो बंदरावरच्या मोठ्या व्यापाऱ्याला, शेतकऱ्याला त्याचं काय. म्हंजे एका वर्षात औशाचा शेतकरी पण बुडाला आणि तिकडचा पण. 2021 पासून परत आयात खुली आहे, दर वर्षी मुदतवाढ, आणि पेरणीच्या वेळेला ना आम्हाला माहीत असतं ना त्यांना की काढणीला काय धोरण असणार. आफ्रिकेची गरिबी हटवायची म्हणून कुणी इथं तूर घेत नाही, शहरात डाळ स्वस्त राहावी म्हणून घेतात. माझं म्हणणं इतकंच की दोन्हीकडच्या शेतकऱ्याला पेरणीच्या आधी सांगा, तीन वर्षांचं धोरण एकदाच ठरवा, मग कमी मिळालं तरी माणूस हिशोबानं पेरतो.

---

पणजीकर | मंगळवार, सकाळी 11:10

लातूरकरांना अनुमोदन.

थोडं जुनं सांगतो. माझे आजोबा लोरेन्सो मार्किश (आताचं मापुतो) इथे रेल्वेत कारकून होते, गोव्याचे बरेच लोक तिथे नोकरीला असायचे. काजू आपल्याकडे नि त्यांच्याकडे दोन्ही ठिकाणी पोर्तुगीजांनीच ब्राझीलहून आणला. आजोबा सांगायचे तिथे पण बोंडूचा रस काढून आंबवून पितात, हंगामात गावं घमघमतात, अगदी आपल्या सत्तरीसारखी. एकाच झाडाने दोन किनाऱ्यांना जगवलं म्हणून मला ह्या धाग्याबद्दल जास्तच वाटतं.

एक मुद्दा कोणी काढला नाही तो कर्जाचा. 2013-14 मध्ये तिथल्या सरकारी कंपन्यांनी मासेमारीची जहाजं नि किनारा सुरक्षेच्या नावाखाली 2 अब्ज डॉलर्सची कर्जं काढली, बरंचसं संसदेला न सांगता. 2016 ला उघड झालं, नाणेनिधीने मदत थांबवली, चलन मेटिकाल घसरलं, जानेवारी 2017 ला देश हप्ता भरू शकला नाही. तेव्हाचे अर्थमंत्री मान्युएल शांग ह्यांना 2024 मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टाने दोषी ठरवलं. अर्थसाधनाताई गरिबी परत साठ टक्क्यांवर गेली म्हणाल्या त्यात ह्याचा वाटा मोठा, शिवाय 2019 चं इदाय चक्रीवादळ, कोविड, आणि काबो देल्गादोची हिंसा.

काबो देल्गादो म्हणजे जिथे गॅस सापडला तोच प्रांत. 2017 पासून तिथे हत्यारबंद गटांचे हल्ले, 2021 ला पाल्मा शहरावर हल्ला झाल्यावर गॅसचा प्रकल्पच थांबवावा लागला होता. त्यात आपल्या सरकारी तेल कंपन्यांचा मिळून 30 टक्के हिस्सा आहे! किनाऱ्यावरच्या कोळ्यांना हलवलं, तरुणांना काम नाही, आणि शेजारी अब्जावधी डॉलर्सचं कुंपण.

---

निखिल_पुणे | मंगळवार, दुपारी 3:40

सगळं वाचलं, पण मग उपाय काय? खाण नको, गॅस नको, मोठा कारखाना नको असं तर नाही ना चालणार. इथिओपियाने कपड्यांचे कारखाने आणले होते ना, हवासा शहरातला औद्योगिक पार्क वगैरे?

---

अर्थसाधना | मंगळवार, रात्री 10:15

निखिल, हवासा 2016 ला सुरू झाला, हजारो मुलींना काम मिळालं, ही खरी रोजगार देणारी वाढ होती. पण पगार महिना 26 डॉलरपासून, त्यात खोलीभाडं आणि जेवण भागेना, मुली वर्षभरात सोडून जायच्या. मग इथिओपियातल्याच टिग्रे प्रांतात युद्ध झालं आणि जानेवारी 2022 पासून अमेरिकेने करमाफीची सवलत काढली, ऑर्डरी गेल्या. म्हणजे हात लागणारे धंदे आणणं पुरेसं नाही, ते टिकायला शांतता आणि खात्रीचं गिऱ्हाईक पण लागतं.

काजूत पण सगळ्यांनी वेगवेगळं करून बघितलंय. बेनिनने एप्रिल 2024 पासून कच्ची बी बाहेर न्यायलाच बंदी केली. आयव्हरी कोस्ट, जो आता सगळ्यात जास्त बी पिकवतो, त्यांनी बंदी न घालता कारखानदाराला गराच्या प्रत्येक किलोमागे 400 फ्रँक दिले, तिथली प्रक्रिया हळूहळू पण नक्की वाढतेय. टांझानियात 2018 ला भाव पडले म्हणून राष्ट्राध्यक्ष मागुफुलींनी चक्क सैन्य पाठवून 3300 शिलिंग किलोने बी खरेदी केली, ट्रक लावून, पण पुढे विकायची कुठे ते ठरलेलं नव्हतं, माल पडून राहिला, शेतकऱ्यांचे पैसे रखडले. मला आयव्हरी कोस्टची वाट बरी वाटते कारण त्यात शेतकऱ्याचा भाव पडत नाही.

---

काजूबी | बुधवार, रात्री 11:20

अर्थसाधनाताई, मोझांबिकने पण प्रयत्न केला, तो इथे लिहून ठेवतो. 1999 ला त्यांच्या संसदेने बँकेचं न ऐकता कच्च्या बीवर 18 ते 22 टक्के निर्यात कर परत लावला. त्यानंतर नांपुल्यात छोटे छोटे कारखाने उभे राहिले आणि त्यांनी पद्धत कुठली घेतली, तर आपली! वाफेवर बी शिजवायची, हातापायाने चालवायच्या कटरवर फोडायची, गर बॉर्म्यात म्हणजे गरम हवेच्या खोलीत वाळवायचा, सोलून हाताने ग्रेडिंग. आपल्या बायका करतात ते. काही हजार लोकांना परत काम मिळालं. पण गेल्या काही वर्षांत व्हिएतनामने सगळं ऑटोमॅटिक मशीनवर नेलं, त्यांच्या भावाला ना आम्ही पुरतो ना ते, तिथले बरेच कारखाने पुन्हा बंद झाले.

निखिल, तू उपाय विचारलास. मी कारखानदार माणूस, मला माझ्यापुरतं दिसतं ते सांगतो. तिथे दरवर्षी पाचेक लाख पोरं कामाच्या वयात येतात. 2024 च्या निवडणुकीनंतर महिनोन्महिने जी पोरं रस्त्यावर उतरली, टायर जाळले, गोळ्या खाल्ल्या, ती हीच. त्यांची बी त्यांच्याच गावात फुटली पाहिजे असं मला मनापासून वाटतं, आणि तसं झालं तर डिसेंबरात माझा कारखाना बंद राहील हेही मला दिसतंय. दोन्ही खरं आहे. त्यावर माझ्याकडे एकच उत्तर आहे, आपली बी वाढवणं. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राची वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 सारखी कलमं हाताशी असून आमच्या तालुक्यात डोंगरच्या डोंगर मोकळे आहेत, आणि आहेत त्या बागांना बाहेरच्या बीमुळे भाव नाही म्हणून लोक तोडून टाकतायत. लातूरकरांच्या तुरीचं तेच आमच्या काजूचं.

गेल्या वर्षी पाच एकर लावलीय, बी धरायला तीन-चार वर्षं जातील. तोवर आफ्रिकेची घ्यावीच लागणार.

---

शुभदा_कुडाळ | गुरुवार, सकाळी 8:30

दादा, आईला काल हा धागा वाचून दाखवला. तिने विचारलंय की त्या बाईला तेव्हा किलोमागे किती मिळायचे.

---

काजूबी | गुरुवार, सकाळी 9:10

मी विचारलंच नाही हो. आऊटटर्न 47 आला, सौदा झाला आणि मी गाडीत बसलो. येत्या नोव्हेंबरात पुन्हा त्याच बाजूला जायचंय, ती असेल तर विचारून इथेच लिहितो. आईंना नमस्कार सांगा.